कोकोची झूल

कंपनीने म्हशीच्या पारडाचं नाव कोको ठेवलं, तेव्हा दिघाशी गावात मंदाची भरपूर थट्टा झाली. बारशाच्या घुगऱ्या कुठायत, पाळणा कोणी म्हटला, असं बायका मुद्दाम थांबून विचारायच्या. मंदा हसायची आणि कोकोच्या मानेवर हात फिरवायची. मनातून तिला ते नाव आवडलं होतं, कारण त्यांच्या तबेल्यात नर पारडाला नाव मिळण्याची ही पहिलीच वेळ होती.

तबेला तिच्या नवऱ्याचा, रामनाथचा. ठाण्याच्या एका नव्या दूध कंपनीशी करार केला तो मुलाने, कुणालने. कंपनीच्या अटी ऐकून रामनाथ आधी हसला होता. म्हशीला पान्ह्याची सुई टोचायची नाही, दोन सड पारडासाठी सोडायचे आणि नर पारडू विकायचं नाही. बाटलीवर यंदा कोकोचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, ‘बाळाचं पोट भरल्यावरच’.

मंदा मात्र हसली नाही. नर पारडाचं काय होतं, हे तिने लग्न होऊन आल्यापासून पाहिलं होतं. दूध विकायचं म्हणून त्याला पाजायचं नाही. तो कोपऱ्यात बांधल्या जागी वाळत जायचा, नाहीतर टेम्पोत चढवला जायचा. मेला तर म्हैस दूध चोरू नये म्हणून त्याच्याच कातड्यात पेंढा भरून तिच्यापुढे ठेवायचा. म्हैस बिचारी ते चाटत उभी राहायची आणि पान्हा सोडायची. पेंढा भरायचं काम सासूने मंदाच्या गळ्यात मारलं होतं. तिला त्याची इतकी लाज वाटायची, की अशा म्हशीची धार काढताना ती भिंतीकडे तोंड करून बसे. कंपनी आली आणि ते सगळं संपलं. दोन वर्षांत विक्रीतून वाचलेले चार तरणे रेडे आता मागच्या आवारात पेंढा खात उभे असायचे. त्यांच्याकडे पाहून मंदाला सुखाची झोप लागायची.

रविवारी कंपनीची गिऱ्हाइकं पोराबाळांना घेऊन तबेला बघायला यायची. कोकोला बाटलीने दूध पाजायचं आणि फोटो काढायचा, ही सगळ्यांची हौस. मागच्या रविवारी तर रांगच लागली.

“कुणाल, पोट बघ त्याचं. ढोल झालाय. आता बस कर,” मंदा म्हणाली.

“आये, पाव्हणी हायत. त्यांना न्हाय कसा बोलू?”

दुसऱ्या दिवशी कोकोला हगवण लागली. भिवंडीहून डॉक्टर आला, सलाईन लावलं, पण गुरुवारी सकाळी पारडू गेलं. लाडाने मारलं त्याला, असं मंदा सगळ्यांदेखत बोलली आणि कुणालशी दिवसभर बोलली नाही.

संध्याकाळी कोकोच्या आईने, चांदीने, पान्हा चोरला. कुणालने शेजारच्या म्हशीचं पारडू तिला लावून पाहिलं, तर तिने त्याला लाथेने उडवलं.

कंपनीच्या पाहुण्यांची व्यवस्था पूर्वी नावाची मुलगी बघायची. तिचा मंदाला फोन आला. आधी ती खरंच रडली. मग म्हणाली, “काकू, पण रविवारी आमचे सर येतायत. पोस्टरवर कोको आहे. आई त्याला पाजतेय, हेच सगळ्यांना बघायचंय. दुसरं पिल्लू उभं करा ना, सगळी सारखीच तर दिसतात.”

“तुला दिसतात गं बाय. चांदीला न्हाय दिसत.”

“मग सर दुसरा तबेला बघतील, काकू. माझ्या हातात काही नाही.”

फोन ठेवला तेव्हा रामनाथ समोरच उभा होता. “कंपनी गेली तर त्या चौघांना घालू काय?” तो मागच्या आवाराकडे बघत म्हणाला. “टेम्पो बोलवावा लागंल.”

कोको अजून गोणपाटाखाली होता. त्याला पुरायचं बाकी होतं. रामनाथने हळूच विचारलं, “कातडं काढू?” मंदाने होकारार्थी मान हलवली. तिचा जीव तुटत होता, पण तिने मान हलवली.

कंपनीने कोकोसाठी एक लाल झूल शिवून दिली होती, नक्षीदार, नाव भरलेली. रविवारी मंदाने मीठ चोळलेलं कातडं शेजारच्या म्हशीच्या पारडाच्या पाठीवर घट्ट बांधलं आणि वरून ती झूल टाकली. बाहेरून काही कळत नव्हतं. पारडाला चांदीजवळ नेलं. चांदीने हुंगलं, पुन्हा हुंगलं, मग झुलीखाली तोंड खुपसून ती चाटायला लागली. तिचे सड भरून आले. पारडू पिऊ लागलं आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. कंपनीचे साहेब म्हणाले, “बघा, आईची माया!”

एका लहान मुलीने मंदाचा पदर ओढला. “आजी, कोको थरथरतोय. घाबरलाय का?”

“न्हाय गं बाय,” मंदा म्हणाली. “झूल जड झाली त्याला.”

जाताना साहेबांनी रामनाथचा हात हातात घेतला. कोको आता कंपनीचा चेहरा आहे, म्हणाले. हा मोठा झाला की दुसरा लहान कोको तयार ठेवायचा. पूर्वी मागे रेंगाळली. “झूल धुवून घ्या हं, काकू. वास येतोय.”

गाड्या गेल्या. मंदाने पारडाला मोकळं केलं आणि त्याच्या आईकडे सोडलं. कातडं हातात घेऊन ती चांदीपुढे उभी राहिली. आयुष्यभर म्हशींना फसवलं, आता हिला तरी खरं कळू दे, असं तिला फार वाटलं. तिने ते कातडं उघडंच चांदीपुढे जमिनीवर पसरलं. ना पेंढा, ना झूल.

“बघ बाय. गेला तो,” ती म्हणाली. “उद्यापासून धार नको देऊ. मी कुणाला बोलू देणार न्हाय.”

चांदीने मान खाली घातली आणि ती कातडं चाटू लागली. कानाच्या जागी, मानेच्या जागी, पुन्हा पुन्हा. चाटता चाटता तिच्या सडांतून दूध टपटप खाली पडायला लागलं.

“आये!” कुणाल मागून ओरडला. “बघतेस काय, बादली घे! वाया चाललाय!”

पलीकडे चौघे रेडे पेंढ्याला तोंड लावून उभे होते. मंदाने त्यांच्याकडे पाहिलं. मग तिने बादली घेतली, चांदीच्या कुशीला बसली आणि भिंतीकडे तोंड केलं.