लाल दिव्याचा निकाल

उल्हास राजोपाध्ये यांच्या गाडीत एक लाल दिवा चार महिने अखंड तेवत होता. देवापुढचा नंदादीप परवडला, तो निदान वाऱ्याने तरी विझतो. हा ब्रेकचा दिवा. गोलात उद्गारचिन्ह असलेला. किल्ली फिरवली की लागायचा तो घरी येऊन किल्ली काढेपर्यंत जायचा नाही. उल्हासराव वनस्पतिशास्त्रज्ञ, पानावरचा डाग बघून रोग ओळखणारे. पण या दिव्यावर त्यांनी केलेला एकमेव उपाय म्हणजे तिकडे न बघणे.

आता मात्र बघणं भाग होतं. गाडीला पंधरा वर्षं होत आली होती, दोन दिवसांनी नोंदणी संपत होती, आणि ती वाढवायची तर गाडी फिटनेसच्या तपासणीत पास व्हायला हवी होती. त्यांच्या पत्नी माणिकताई या गाडीला इतक्या विटल्या होत्या की त्यांनी अटच घातली. पास झाली तर ठेवा, नापास झाली तर त्याच दिवशी भंगारात. दुसरी संधी नाही, रडारड नाही. उल्हासरावांनी मान डोलावली खरी, पण मनापासून नाही. गाडीवर त्यांचा जीव होता. हसू नका, काही माणसांचा असतो.

तपासणीच्या आदल्या दिवशी ते तेलीबागेत मोहनच्या गॅरेजवर गेले. मोहन मेकॅनिक म्हणजे शब्दाला जागणारा माणूस, सांगितलेलं काम करणार आणि न सांगितलेल्याला हात लावणार नाही. इथेच घोटाळा झाला. उल्हासरावांना लखनौत येऊन बावीस वर्षं झाली होती, पण त्यांची हिंदी अजून साताऱ्याहून निघालेली नव्हती. एका गोष्टीचा सोक्षमोक्ष लावायचा तर मराठी माणूस काय म्हणतो? निकाल लावा. तेच त्यांनी हिंदीत घोळवलं.

"मोहन भैया, ये लाल दिये का एक बार निकाल कर दो. कल टेस्ट है."

"निकाल दें?" मोहनने विचारलं.

"हाँ हाँ, पक्का निकाल."

मोहनने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, मग खांदे उडवले आणि कामाला लागला. संध्याकाळी गाडी मिळाली, उल्हासरावांनी किल्ली फिरवली आणि काय सांगू, दिवा गायब! त्यांना मोहनचे हात हातात घ्यावेसे वाटले. चार महिन्यांचं दुखणं आणि एका दुपारी बरं, म्हणत ते शीळ घालत वृंदावन योजनेतल्या घरी आले.

दुसऱ्या दिवशी माणिकताईही तपासणी केंद्रावर आल्या, आपला नवरा काही लबाडी करत नाही ना ते बघायला. मोहनलाही सोबत घेतलं होतं, न जाणो काही लागलं तर. तपासनीस गोपीनाथजी चष्मा नाकाच्या टोकावर ठेवणारे, अतिशय अदबशीर गृहस्थ होते. हेडलाइट झाले, इंडिकेटर झाले, हॉर्न झाला, टायर झाले. कागदावरच्या प्रत्येक खुणेसरशी उल्हासराव एक-एक इंच उंच होत होते. मग गोपीनाथजी आत बसले, नुसती किल्ली फिरवली आणि बराच वेळ डॅशबोर्डकडे बघत राहिले.

त्यांनी समजावून सांगितलं ते असं: किल्ली फिरवली की सगळे दिवे आधी लागले पाहिजेत, मग विझले पाहिजेत. जो लागतच नाही, तो उद्या ब्रेक गेल्यावर ओरडणार कसा? ब्रेकचा दिवा कुठे आहे?

उल्हासरावांनी मोहनकडे पाहिलं. मोहनने अभिमानाने शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढली. पुडीत इवलासा बल्ब होता.

"साहब ने कहा था निकाल दो, तो निकाल दिया," तो म्हणाला.

उल्हासराव घाईघाईने पुढे झाले. ते निकाल या शब्दाचा अर्थ समजावू लागले, गोपीनाथजी मान हलवत ऐकू लागले, आणि माणिकताईंनी पर्समधून मोबाइल काढून भंगारवाल्याचा नंबर शोधायला घेतला. बाईंचा अंगठा हिरव्या बटणावर पोचलाच होता. पण भाषेचा गुंता ऐकून गोपीनाथजींना हसू आवरेना. त्यांनी जेवणाच्या सुट्टीपर्यंत वेळ दिला, बल्ब बसवा आणि दिवा विझवून दाखवा म्हणाले.

बल्ब बसला. किल्ली फिरवली, दिवा लागला. इंजिन सुरू केलं, बाकीचे दिवे विझले, हा आपला जळतोच आहे. उल्हासरावांना रडू यायचं तेवढं बाकी होतं. मोहनने ब्रेक ऑइल बघितलं, बरोबर होतं. शेवटी गोपीनाथजींनीच वाकून पाहिलं आणि हँडब्रेककडे बोट दाखवलं. दांडा पूर्ण खाली बसतच नव्हता, बोटभर वर अडकला होता, म्हणून दिवा जळत होता. खाली काहीतरी होतं.

मोहनने स्क्रूड्रायव्हर घालून उकरलं. टक् करून एक गोल, दगडासारखी टणक, तिळांनी माखलेली वस्तू बाहेर पडली. मागोमाग आणखी दोन. दांडा खाली बसला आणि लाल दिवा विझला.

गोपीनाथजींनी एक उचलून हुंगली. अस्सल लखनौकर ते, लगेच ओळखलं. रेवडी, गुलाबाची.

माणिकताईंनी मोबाइल पर्समध्ये ठेवला. डॉक्टरांनी साखरेचा रिपोर्ट बघून गोड बंद करायला सांगितलं, त्याला चार महिने झाले होते. घरात तेव्हापासून साखरेचा डबा वरच्या फळीवर होता आणि उल्हासराव बिनसाखरेचा चहा संतासारखा पीत होते.

"अहो, तुम्ही तर माझी शपथ घेतली होती," त्या म्हणाल्या.

"अगं, एखादी कधीतरी..." उल्हासराव पुटपुटले.

मोहनला वाटलं, साहेब अडचणीत आहेत, मदत करावी. साहेब काही वाईट खात नाहीत, आमच्या गॅरेजशेजारच्या दुकानातून रोज ताजी पावशेर घेतात आणि गाडीतच बसून खातात, असं त्याने माणिकताईंना खात्रीने सांगितलं. गाडीवर एवढा जीव का, ते त्यांना तेव्हा कळलं.

गोपीनाथजींनी कागदावर शेवटची खूण केली. गाडी पास झाली होती. पाच वर्षं तिला कुणी हात लावू शकणार नव्हतं. उल्हासराव हर्षाने दाराकडे गेले, तर चालकाच्या जागी माणिकताई आधीच बसून आरसा आपल्या उंचीला लावत होत्या. ते निमूट दुसऱ्या बाजूला बसले. घरी गेल्यावर बोलणी खावी लागतील, एवढीच त्यांची कल्पना होती. पण गाडी घराकडे वळलीच नाही. ती रक्त तपासणाऱ्या लॅबच्या पाटीसमोर थांबली आणि माणिकताईंनी हँडब्रेक ओढला.

"उतरा. तिची झाली, आता तुमची."

उल्हासराव उतरले. बाही वर सारता सारता त्यांनी वळून गाडीकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना तिचा हेवा वाटला.