विटकरी जाकीट

आमच्या घरात सकाळी पडदे उघडायचे नाहीत, असा नियम आहे. उन्हाने कपड्यांचे रंग उतरतात. कपडे म्हणजे माझे नव्हेत. माझ्या शर्टांची कपाटातून केव्हाच उचलबांगडी झाली, ते पलंगाखाली सुटकेसमध्ये चुरगळत पडलेले असतात. कपाट आहे ते एका कधीच बंद पडलेल्या कॉम्प्युटर कंपनीच्या जुन्या जाकिटांचं, टी-शर्टांचं आणि टोप्यांचं. बायको ते जमवते. सवत फक्त बायकांच्याच नशिबी येते असं कोणाला वाटत असेल, तर त्याने आमचं कपाट बघून जावं.

मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. निवृत्तीनंतर खिडकीत बसून उन्हात पेपर वाचायचा, एवढंच माझं मागणं होतं. आता मी भर दुपारी दिवा लावून पेपर वाचतो आणि बिल वाढलं की बोलणीही मीच खातो.

नियम एक असता तर सोसला असता. कपडे हँगरला लावायचे नाहीत, खांदे ओघळतात. धुवायचे नाहीत, छापलेली अक्षरं तडकतात. अंगात घालायचा तर प्रश्नच नाही. घडी घालताना मध्ये पातळ कागद ठेवायचा, आणि तो कागद चुरगळला तर मी चुरगळला असं समजायचं. एकदा संत्रं खाऊन झाल्यावर मी एक निळा जाड स्वेटशर्ट खुर्चीवरून उचलून बाजूला ठेवला. फक्त बाजूला ठेवला! त्यावरून आठवडाभर अबोला. कुठल्या परक्या माणसाच्या घामाचे पिवळे डाग चालतात, त्यांना 'जुनेपण' म्हणायचं, आणि घरच्या माणसाच्या हाताचा संत्र्याचा वास चालत नाही.

आणि हीच बाई एरवी कशी? इस्त्रीच्या टेबलावर तिने तिचाच एक जुना राखाडी कोट ताणून बसवलाय, बाह्या खालून एकमेकींना बांधून. कंपनीत कामावर असताना घालायची तो. मी एकदा फोनवर बोलता बोलता इस्त्री तशीच ठेवली आणि कोटाच्या बरोब्बर पाठीवर तिकोनी काळा डाग पाडला. माझ्या तोंडचं पाणी पळालं. ती आली, बघितलं, म्हणाली, "असू दे, जुनंच आहे." मी म्हटलं, बाई गं, तुझं जुनं आणि जगाचं जुनं यात फरक काय ते एकदा समजावून तरी सांग.

तसा तो फरक मला माहीत होता. ती त्या कंपनीत खालच्या मजल्यावर कामाला होती. टेबलावर वाकून, बोर्डावर बारीक बारीक तारा वितळलेल्या कथलाचा डाग देऊन जोडायच्या, दिवसभर. वरच्या मजल्यावर मशीन विकणारे आणि मशीनबद्दल बोलणारे बसायचे. नवीन मशीन बाजारात आलं की वरच्यांना जाकिटं मिळायची आणि खालच्यांना केकचा एकेक तुकडा. मग ते छोटं मशीन आलं. त्याच्यासाठी हिने आणि हिच्या टेबलावरच्या बायकांनी रविवारसुद्धा सोडले नव्हते. ते विकायला गेलं त्या दिवशी वरचे लोक विटकरी रंगाची जाकिटं घालून कँटीनमध्ये उतरले. पाठीवर पिवळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, 'हे आम्ही घडवलं'.

त्या संध्याकाळी भांडी विसळताना ती माझ्याशी एकच वाक्य बोलली. "पाठीवर लिहून घेतलंय त्यांनी."

पुढे कंपनी बुडाली, ही निवृत्त झाली आणि विटकरी जाकिटाचा शोध सुरू झाला. बाकीचा पसारा त्या वाटेवर गोळा झालेला. मी हिच्याबरोबर जुन्या बाजारांचे उंबरठे झिजवलेत. ही कॉलर उलटून लेबल बघणार, खालच्या पट्टीवर शिलाईची ओळ एक की दोन ते बघणार, वास घेणार. मी दहा पावलं लांब उभा राहणार, कारण माझ्या चेहऱ्यावर सगळं दिसतं म्हणे आणि विकणारा भाव वाढवतो. असे किती रविवार मी लोकांच्या फुटक्या फुलदाण्या न्याहाळत उभा राहिलोय, त्याला गणती नाही.

शेवटी जाकीट सापडलं ते एका दाढीवाल्याकडे. हे कपडे जमवणाऱ्यांचीही एक जमात आहे, आणि तिच्यात याचं मोठं नाव. वय बघाल तर ते मशीन आलं तेव्हा याचा जन्मही झालेला नसेल. तो काही विकत नाही, फक्त अदलाबदल करतो. हिने महिनोन् महिने त्याच्या मागे लागून त्याला घरी यायला राजी केलं.

त्या दिवशी सकाळपासून घरात बसायला जागा नव्हती. सोफ्यावर जाकिटं, पलंगावर टी-शर्ट, जेवणाच्या टेबलावर टोप्या. मी भिंतीला टेकून उभा. दाढीवाला आला, पोरगा सभ्य होता. चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवल्या आणि खुर्चीवर एक कापडी पिशवी ठेवली. पिशवीच्या तोंडातून विटकरी बाही डोकावत होती. हिची नजर तिथून हलेना.

तो एकेक कपडा बघत गेला. "हे आहे माझ्याकडे, काकू. हेही आहे. हे तर दोन आहेत." वाक्यागणिक हिचा चेहरा उतरत गेला. निळा स्वेटशर्ट तिने शेवटी राखून ठेवला होता. तो त्याने हातात घेतला, उलटसुलट केला आणि हळूच खाली ठेवला. खरं सांगायचं तर मला त्या वेळी त्या पोराचा राग आला. तोवर मला वाटत होतं की मी हिच्या बाजूने नाहीच.

"पाणी मिळेल का, काकू?" त्याने विचारलं. संकोचला होता बिचारा. हिच्या मागोमाग तो स्वयंपाकघराकडे निघाला आणि मध्येच थबकला. मग चक्क जमिनीवर बसला आणि वाकून खालून बघायला लागला.

"काकू, हे काय आहे?"

"इस्त्रीचं टेबल," मी म्हणालो.

"त्याच्यावरचं, काका! हा खिसा बघा, खिशावर कंपनीची खूण आहे. हा खालच्या मजल्याचा कोट ना? आमच्यात कोणाकडेच नाही हो हा. सगळ्यांनी फरशी पुसायला काढले."

"माझाही तोच विचार होता," ही म्हणाली. "पण फळीला मापात बसला."

त्याने माझा तिकोनी डागसुद्धा बोटाने चाचपून बघितला आणि म्हणाला, हा तर फारच छान आहे. या छंदाला माझा पहिलाच हातभार. मग उठून त्याने पिशवी आणली आणि हिच्या पुढे धरली. "हा कोट मला द्या, काकू. जाकीट तुमचं."

माझा जीव भांड्यात पडला. मला तर उघडे पडदे दिसायला लागले होते, कपाटात ओळीने माझे शर्ट दिसायला लागले होते. सुटलो एकदाचा.

हिने हात पुसले. जाकीट पिशवीतून काढलं, आणि मी डोळे फाडून बघत असताना सरळ अंगात घातलं. बोटं बाह्यांत बुडाली. माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "वाचता येतंय नीट?"

"हे आम्ही घडवलं," मी वाचलं. "पण खांदे लोंबतायत."

टेबलाखाली वाकून तिने कोटाच्या बाह्यांची गाठ सोडली आणि एक बाही हातात घेतली. मनगटाजवळ कापडाला बारीक जळकी छिद्रं होती. त्यातल्या एकात तिने करंगळीचं टोक घातलं.

"हे त्या छोट्या मशीनचं," ती त्या पोराला म्हणाली. "तापलेला थेंब उडाला होता. ओरडले असते तर हात हलला असता आणि बोर्ड फुकट गेला असता. म्हणून ओरडले नाही."

मग तिने जाकीट काढलं, मध्ये पातळ कागद घालून निगुतीने घडी केली आणि त्याच्या हातात दिलं. "हे तू परत ने."

"काकू, अजून काही हवं असेल तर सांगा. हे आणि टोपी? दोन टोप्या?"

"नको रे. मला वाटलं होतं, घातल्यावर काहीतरी वाटेल. नुसतं मोठं होतंय."

तो जिना उतरेपर्यंत मी कसाबसा धीर धरला. मग माझा पारा चढला तो चढलाच. एवढी वर्षं! एवढे रविवार! माझं ऊन, माझं कपाट, माझ्या गुडघ्यांची वाट लागली, आणि दारात चालून आलेलं जाकीट बाईसाहेबांनी घडी घालून परत केलं? कशासाठी, तर इस्त्रीच्या फडक्यासाठी! मी बोलत होतो, ती टोप्या गोळा करत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "ओरडू नका, शेजारी ऐकतील." मी हात टेकले आणि न जेवता झोपलो.

सकाळी डोळ्यांवर ऊन आलं म्हणून जाग आली. आधी काही कळेचना. पडदे दोन्हीकडून सताड उघडे होते. बाहेरच्या खोलीत इस्त्रीची वाफ फसफसत होती. जाऊन बघतो तर इस्त्रीच्या टेबलावर तो निळा स्वेटशर्ट ताणून बसवलेला, बाह्या खाली बांधलेल्या. आणि त्याच्यावर राखाडी कोट पसरून ही त्याच्या कॉलरला इस्त्री करत होती.

"अगं, तो निळा!" मी ओरडलोच. "त्याच्यापायी आठवडाभर माझ्याशी बोलली नव्हतीस!"

"जाड आहे. छान बसलाय," ती म्हणाली. "सरका बघू, उजेड अडवू नका."

"आणि माझे शर्ट?"

"बघू."

तिने इस्त्री उभी केली, कोट झटकला, अंगात घातला आणि वरपासून खालपर्यंत सगळी बटणं लावली. मग चहा टाकायला गेली. खांद्यांत तो अजून अगदी मापात बसत होता. पाठीवर काही लिहिलेलं नव्हतं, माझ्या इस्त्रीचा तिकोनी डाग तेवढा होता.