मधल्या घरावर विश्वास नको

मधल्या घरावर कोणी विश्वास ठेवायचा नाही, हे त्या कामात आधीपासूनच धरलेलं होतं. आणि तिथे बसायला नेमणूक झाली ती मधलीची.

मधली म्हणजे तिघा भावंडांतली मधली. पूर्वेच्या प्रयोगशाळेत दादा, पश्चिमेच्या प्रयोगशाळेत धाकटा, आणि दोघांपासून चाळीस-चाळीस किलोमीटरवर काळे पडदे लावलेली तिची खोली, तेच मधलं घर. दोन्हीकडून जमिनीखालून केसाएवढा काचेचा धागा तिच्या टेबलापर्यंत आला होता. त्यातून दोघं भाऊ प्रकाशाचे अगदी क्षीण ठिपके सोडायचे, प्रत्येक ठिपक्याला आपापल्या मनाने एक कल देऊन. ठिपके टेबलावरच्या काचेत भेटायचे, त्यापुढचे यंत्राचे थंडगार डोळे त्यांना टिपायचे, आणि मधलीचं यंत्र उघड्या लाइनवर जाहीर करायचं: खूण एक, खूण दोन, किंवा काही दिसलं नाही. खुणेवरून दोन कलांमधलं नातं कळायचं, प्रत्यक्ष कल नाही. ज्याला स्वतःचा कल ठाऊक, त्याला दुसऱ्याचा उमगायचा. असे कल साठत साठत दोघांकडे निरोप कुलूपबंद करायची एकच गुप्त किल्ली तयार व्हायची, जेवढा निरोप तेवढी खर्च होणारी, आणि जिने ती जुळवून दिली ती कोरडीच राहायची. तिने लबाडी केलीच, तर दोघं थोडे कल उघड करून पडताळायचे. चुका शेकडा अकराच्या वर गेल्या की सगळी किल्ली फेकून द्यायची.

दादा आणि धाकटा चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. जे काही बोलायचे ते मधलीमार्फत. आणि मधलीची जन्माची खोड अशी की तिच्या हातून निरोप गेला की त्याची धार जायची. लहानपणी दादा म्हणायचा, "त्या गाढवाला सांग, सायकलला हात लावलास तर बघ." ही धाकट्याला सांगायची, "दादाला आज सायकल लागणार आहे रे, राजा." घरात शांतता नांदायची.

चार वर्षांपूर्वी बाबांचं दुखणं वाढलं तेव्हा दादा तिला फोनवर म्हणाला होता, "त्याला सांग, आत्ताच्या आत्ता निघ. नाहीतर येऊच नकोस." तिने धाकट्याला सांगितलं, "बाबांना बरं नाही. जमेल तसा ये." तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोहोचला. बाबा सकाळीच गेले होते. दादाला वाटलं, बोलावूनही हा आला नाही. धाकट्याला वाटलं, दादाने मुद्दाम नीट कळवलं नाही. मधली मूग गिळून बसली.

आज किल्ली तयार झाली की पहिला मजकूर कोणताही पाठवा, अशी मुभा दोन्ही टोकांना होती. सकाळीच दादा लाइनवर म्हणाला, "मधले, त्याला सांग, पत्र लिहिलंय. त्या दिवसाबद्दल. तुझ्या हातून गेलं तर त्याचं काय होईल देव जाणे, म्हणून किल्लीत बंद करून पाठवतोय."

"ऐकलं मी," पलीकडून धाकटा म्हणाला, तेही तिलाच उद्देशून. "सांग त्याला, वाचेन."

दोघांनी त्या दिवशीचे शब्द शेजारी शेजारी ठेवले की मधला फरक कोणाचा, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

दुपार चढली. पूर्वेचा धागा उघड्या रस्त्याखालून येत होता. रस्ता तापला, धागा किंचित लांबला, आणि दादाचे ठिपके मागे पडू लागले. काचेत भेटी होईनात. भेटींचा आकडा मंदावला. अशा वेळी दोन्ही टोकांना कळवायचं असतं. मधलीने कळवलं नाही. दोन ठिपके किती अंतराने आले तरी भेट धरायची, याची एक मर्यादा यंत्रात असते. ती तिने सैल केली.

आकडा भराभर वाढला. डोळ्यांना गारवा देणाऱ्या यंत्राची घरघर खोलीत पाण्यासारखी साचली होती, आणि त्या पाण्यातून तिला दिसत होतं: एका लांबच लांब अंधाऱ्या वाटेने दोन मुलं दोन टोकांनी येताहेत, मान आपापल्या बाजूला कललेली. एक येऊन उभं राहतं, वाट पाहतं, कंटाळून विरून जातं. मग दुसरं येतं. आणि मध्ये उभी असलेली ही म्हणत राहते, आले, दोघं आले, भेटले.

"तेरा टक्के चुका," धाकट्याचा आवाज आला. "ताई, काय चाललंय तुझं?"

"काय चालणार," दादा म्हणाला. "तिचं नेहमीचंच."

मदत म्हणून मर्यादा सैल केली, की किल्ली होऊच नये म्हणून? छातीवर हात ठेवून तिला सांगता आलं नसतं. तिने ती पुन्हा घट्ट केली. आकडा जवळजवळ थांबला.

"दादा, तुझा प्रकाश उशिरा येतोय."

"मी उशिरा? उशिरा येणारा दुसरा आहे. सांग त्याला."

"दादा म्हणतोय, जरा..." सवयीने तिच्या तोंडून निघालं.

"भाषांतर नको, ताई. ऐकू येतंय मला."

मधलीने ते वाक्य अर्ध्यावरच सोडलं. "दादा अर्धा नॅनोसेकंद मागे आहे. धागा तापलाय. त्याला पुढे ओढता येणार नाही. तुला थांबावं लागेल."

मग धाकटा म्हणाला, "थांबतो. तेवढं येतं मला."

त्याने आपले ठिपके तेवढेच रोखून धरले. भेटी सुरू झाल्या. खूण एक, खूण दोन, दोन, काही नाही, एक. तासाभराने पडताळणी झाली: शेकडा तीन. किल्ली जमली.

"पत्र सोडतोय," दादा म्हणाला.

"थांब. आधी माझं ऐका." लाइन उघडी होती, कोणीही ऐकलं असतं. "त्या दिवशी दादा म्हणाला होता, आत्ताच्या आत्ता निघ, नाहीतर येऊच नकोस. मी धाकट्याला सांगितलं, जमेल तसा ये. बदल माझा."

"नक्की हेच शब्द?" धाकट्याने विचारलं.

"हेच."

थोड्या वेळाने पूर्वेकडून मजकूर निघाला. पडद्यावरून अर्थहीन अक्षरं सरकत गेली, जेमतेम दोन ओळी. सकाळी लिहिलेलं पत्र ते नसावं. मग पश्चिमेकडून उत्तर, त्याहून मोठं. मग पुन्हा पूर्वेकडून. अक्षरं तिच्या डोळ्यांसमोरून वाहत होती, पावसात भिजलेल्या काचेमागच्या माणसांसारखी, आणि त्यांत भांडण होतं की रडू, की तिलाच शिव्या, हे कळायला काही मार्ग नव्हता. तिने मार्ग शोधलाही नाही.

"मधले," शेवटी दादा म्हणाला, आवाज घोगरा, "किल्ली संपली. अजून लागेल."

"किती?"

"भरपूर," धाकटा म्हणाला. "तुझा हिशेब नंतर बघू. आधी खुणा दे."

तिने खुर्ची पुढे ओढली आणि यंत्राच्या डोळ्यांचा गारवा तपासला.