फोटोतले पाय

नानासोंच्या पाया पडायचीसुद्धा एक रीत ठरलेली होती. समोरची पोर वाकायच्या आत ते बुटातून डावा पाय काढायचे, वीतभर पुढं करायचे आणि उजवा हात तिच्या डोक्याच्या अंदाजानं हवेत धरून ठेवायचे. अंदाज कधी चुकला नाही. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन म्हसवडला आल्यापासून वीस वर्षं त्यांनी खो-खोच्या पोरी घडवल्या, आणि वीस वर्षांत त्या पायाला इतके हात लागले, की पोस्टमन पिशवीतून पाकीट काढायला वाकला तरी पाय आपला पुढं यायचा.

त्या रविवारी उत्कर्षाही वाकली. आठ वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या संघानं राज्य स्पर्धेत दुसरा नंबर काढला, त्या संघाची ती कर्णधार. आता सत्तावीस वर्षांची, आटपाडीजवळच्या एका हायस्कुलात खेळाची शिक्षिका, तीही कंत्राटी. दर जूनला नवा कागद आणि दर एप्रिलला सुट्टी, असा तिचा पाच वर्षांचा संसार.

"बस पोरी," नानासो म्हणाले. "चा घे. एक बारीक काम हाय."

काम असं होतं. मानसिंगरावांची भाची क्रांती हिची खेळाडूंच्या राखीव जागेतून सरकारी नोकरीत निवड झाली होती. मानसिंगराव म्हणजे उत्कर्षाच्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष. निवडीवर कुणीतरी तक्रार ठोकली होती. गुरुवारी साताऱ्यात पडताळणी समिती बसणार होती आणि समितीनं त्या वेळच्या कर्णधाराचा जबाब मागवला होता.

"क्रांती आपल्या संघात हुती, एवढंच लिवायचं. खाली सही."

"नाना, क्रांती कवा खेळली आपल्यात?"

"हुती की. तू ध्यान दिलं नसशील."

बारा पोरींचा संघ. त्यांच्याबरोबर उत्कर्षा तीन वर्षं एका ताटात जेवली होती, एका सतरंजीवर झोपली होती. कोण झोपेत बडबडते आणि कोण सामन्याच्या सकाळी ओकते, हे सगळं पाठ असलेल्या कर्णधाराला नानासो सांगत होते, की तू ध्यान दिलं नसशील.

त्यांनी फाईल पुढं सरकवली. संघाची यादी, आणि यादीला चिकटवलेला संघाचा फोटो. नवव्या नावावर क्रांती. फोटोतही डावीकडून नववी क्रांती, केस बांधलेली, हसरी. क्षणभर उत्कर्षा स्वतःवरच शंका घेऊ लागली. खरंच होती की काय ही? मग तिची नजर फोटोत खाली गेली. पांढऱ्या बुटांच्या अकरा जोड्या, आणि नवव्या जागी दोन अनवाणी पाय. घोट्यापर्यंत मुरमाची धूळ, उजव्या पायात काळा दोरा, डाव्या अंगठ्याचं नख गेलेलं.

ते पाय संघातल्या मंगलचे होते. तोंड तेवढं क्रांतीचं बसवलं होतं.

नुकताच घेतलेला चहा घशाशी आला, आणि तो गिळताना उत्कर्षाला वाटलं, या घरातलं आजवर जे जे खाल्लं-प्यायलं ते सगळं एकदाच ओकून टाकावं.

मंगल बुटांत कधी पळलीच नाही. बूट चावतात म्हणायची. मेंढरामागं अनवाणी वाढलेली पोर, तिला मुरूम काय आणि गालिचा काय. उपांत्य सामन्यात शेवटचा गडी तिनंच मारला, अंगाची काठी करून सूर मारला आणि गुडघ्यावर आपटली. गुडघा सुजून भोपळा झाला. नानासोंनी तेल चोळलं, "दोन दिसांत पळशील" म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात पुन्हा उतरवली. त्यानंतर ती कधीच पळली नाही.

आणि स्पर्धेचे दाखले? ते नानासोंच्या लोखंडी ट्रंकेत. पोरींची घरं मेंढपाळांची. दिवाळी झाली की माणसं मेंढरं घेऊन चाऱ्यामागं निघायची, घराला पाच-सहा महिने कुलूप. कागद ठेवायचा कुठं? म्हणून स्पर्धा झाली की पोरी दाखले आपणहून नानांच्या हातात द्यायच्या. बँकेवर नसेल एवढा त्या ट्रंकेवर भरवसा. उत्कर्षानं नोकरीपायी आपला दाखला काढून नेला होता. मंगलचा तिथंच राहिला.

"ह्यो मंगलचा नंबर हाय," उत्कर्षा म्हणाली.

नानासोंनी बशीत चहा ओतला. "मंगलनं त्या कागदाचं काय केलं असतं गं? त्यावर पापड वाळवलं असतं? बारावी नापास. कुनाचं नुस्कान हाय सांग. कागद कुजत हुता, कुनाच्या तरी कामाला आला."

तिनं ओठ मिटून कप बाजूला सारला. तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल याचा भरवसा नव्हता.

"मानसिंगराव जूनला तुझी कायमची ऑर्डर काढत्यात. माझ्यासमोर बोललेत. आन् आनखी एक." बशीतला चहा भुरकून झाल्यावर ते अगदी मायेनं म्हणाले, "यादीतलं एक नाव खोटं ठरलं, की अख्खी यादी चौकशीत जाती. तुझा दाखला बी त्याच यादीतला. तेवढं ध्यानात घे."

म्हणजे माणसानं दोन्हीकडून दार लावून घेतलं होतं. सही केली तर नोकरी कायम. नाही केली तर कंत्राटही गेलं आणि घाम गाळून मिळवलेला खरा दाखलाही संशयात. फाईलमधल्या फोटोचा मोबाइलवर फोटो काढू का, असं तिनं विचारलं. जबाब लिहिताना समोर असावा म्हणून, असं सांगितलं. नानासो खूश झाले. पोर कामाला लागली असं त्यांना वाटलं.

निघताना ती पुन्हा त्यांच्या पाया पडली. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण पडलो. कुणी सांगितलं नव्हतं. तिनं तो हात ओढणीला पुसला, मग ओढणीचीही किळस वाटू लागली.

सोमवारी मधल्या सुट्टीत क्रांती शाळेत हजर. बरोबर पेढे. पोर तशी वाईट नव्हती, गोड बोलणारी, अदबीची. हातात वही आणि वहीत खो-खोचे नियम, महत्त्वाच्या ओळींवर पिवळी खूण केलेली.

"ताई, जरा सांगता का? आपण फायनल कुणाशी हरलो होतो?"

आपण. उत्कर्षानं तो शब्द चुलीवरच्या तव्यासारखा टाळला आणि विचारलं, "तुला ही नोकरी अशी का हवी?"

"लेखी परीक्षेत मला चांगले मार्क आहेत ताई. अभ्यास मी खरंच केलाय. फक्त हा एक दाखला कमी पडत होता. मामा म्हणाले, ते बघतो." मग खालच्या आवाजात, "खांबाला हात लावून वळायचं, का न लावता?"

उत्कर्षानं आपले तळहात तिच्यापुढं धरले. खांबाला घासून घासून बोटांच्या मुळाशी आलेले घट्टे आठ वर्षांनीही गेले नव्हते. क्रांतीनं ते बघितले आणि वहीत लिहिलं, 'हात लावून.' पेढ्यांचा पुडा उत्कर्षानं टेबलावर तसाच ठेवला. संध्याकाळी त्याला मुंग्या लागल्या.

बुधवारी ती रजा टाकून शिरवळला गेली. मंगल तिथं एका कारखान्यात खोकी भरायच्या कामाला होती. पहिल्या पाळीचा भोंगा झाला, बायकांचा लोंढा फाटकातून बाहेर आला, आणि सगळ्यांच्या मागून एक पाय ओढत मंगल आली. आठ तास उभं राहायचं काम, आणि गुडघा तसा.

"उत्के, तू हितं कशी गं?"

टपरीवर बसून उत्कर्षानं मोबाइल पुढं धरला. मंगलनं फोटो लांब धरला, जवळ आणला, बोटांनी मोठा केला.

"पाय माझंच हायत की," ती म्हणाली. आणि हसली. "तोंड नगं झालं त्यास्नी. पाय मातुर चाललं."

"दाखला कुठाय तुझा?"

"ट्रंकेत. मागल्या साली मागाय गेलते. हितं सुपरवायजरच्या जागा निघाल्या हुत्या, खेळाडूला आदी घेनार हुते. तर नाना म्हनले, ट्रंकेला वाळवी लागली, तुझा तेवढा कागद खाल्ला. डोळ्यात पानी आनलं त्यांनी. मग मीच त्यांची समजूत घातली, नाना, जाऊ द्या म्हनलं, तुमी वाईट वाटून घिऊ नगा." मंगलनं चहाचा कप खाली ठेवला. "पाया बी पडले."

उत्कर्षा टपरीच्या मागं जाऊन खरंच ओकली. तोंड धुऊन ती परत आली तेव्हा मंगल आपला गुडघा चोळत बसली होती.

"काय करू सांग," उत्कर्षा म्हणाली.

"मला इच्यारू नगंस. माझ्यासाटनं नोकरी घालवलीस, तर मला त्ये वझं हुईल. सही केलीस, तर तुझ्या घरी चूल पेटंल, त्ये बी मला कळतं." मग ती म्हणाली, "खरा फोटू हाय का गं तुझ्याकडं? माझ्याकडं न्हाई. घरात कुनाला सांगितलं मी खेळत हुते, तर पोरं हसत्यात."

खरा फोटो उत्कर्षाच्या घरात होता. तिची आई हरणाबाई रोज देवांबरोबर त्यालाही कुंकू लावायची, त्यामुळं काचेवर बाराही जणींच्या कपाळाच्या जागी लाल ठिपके होते. त्या संध्याकाळी उत्कर्षानं तो खिळ्यावरून उतरवला. आईनं विचारलं, कुठं नेतेस? ती म्हणाली, साताऱ्याला. आईनं काच पुसून दिली.

गुरुवारी समितीच्या खोलीत एक बाई अधिकारी होत्या, चष्मा डोक्यावर, समोर फाईलींचा ढीग. क्रांती बाजूला बसली होती. नानासो बाहेर बाकड्यावर. उत्कर्षानं चौकट टेबलावर ठेवली आणि नववी पोर कोण ते सांगितलं.

बाईंनी फाईलीतला फोटो काढला, चौकटीशेजारी ठेवला. मग क्रांतीकडं वळल्या. "तुम्ही बूट घालून खेळायचात का?"

"हो मॅडम. सगळ्यांना सारखेच बूट होते, पांढरे," क्रांती म्हणाली. वहीत तेही लिहिलेलं असणार.

बाईंनी दोन्ही फोटो तिच्याकडं फिरवले आणि एका बोटानं खाली दाखवलं. क्रांती त्या पायांकडं बघत राहिली. तिला कुणी पायांचं सांगितलंच नव्हतं. नानासोंनी तोंड बदललं, नाव बदललं, दाखला बदलला; पायांकडं त्यांचं लक्ष गेलं नाही. वीस वर्षं लोकांना आपल्याच पायांकडं बघायला लावणारा माणूस दुसऱ्याचे पाय कशाला बघेल?

"जबाब देताय, तर एक सांगते," बाई उत्कर्षाला म्हणाल्या. "यादी चौकशीला गेली, की तुमचाही दाखला थांबेल. निकाल किती वर्षांनी लागेल, मला सांगता येणार नाही. चालेल?"

"चालणार न्हाई मॅडम," उत्कर्षा म्हणाली. "तरी लिवा."

जबाब लिहून झाला. सही झाली. फोटो पुरावा म्हणून ठेवून घ्यावा लागेल, असं बाई म्हणाल्या, तेव्हा तिनं मोबाइलवर त्याचा नीट फोटो काढला आणि तिथल्या तिथं मंगलला पाठवला.

बाहेर आली तर नानासो उठून उभे राहिले. "केलीस सही?"

"केली. खरं हुतं त्ये लिवून केली."

त्यांचा चेहरा आधी पडला, मग आंबला. "सोताच्या पायावर धोंडा मारून घितलास पोरी. तुला मी घडवलं. मुरमातनं उचलून मानूस केलं. तू माज्या ट्रंकेवर डाग लावलास."

ट्रंकेवर. म्हणजे मंगलवर नाही, अकरा पोरींवर नाही. उत्कर्षाला वाटलं, आता या माणसाच्या अंगावर थुंकावं. तेवढ्यात पर्समध्ये मोबाइल वाजला. मंगलचा निरोप होता. 'तोंड बी आलं की गं माझं.'

ती जायला वळली. आणि निरोपाची वेळ झाली म्हणून, सवयीनं, रागातसुद्धा, नानासोंचा डावा पाय बुटातून निघाला आणि वीतभर पुढं आला. उजवा हात हवेत गेला.

उत्कर्षाची कंबर वाकली.

अर्ध्यावर ती थांबली. खाली तो पाय होता, पांढराफेक, तेल लावून मऊ केलेला, नखं कापलेली, कुठं एक ओरखडा नाही. वर डोक्यापाशी हात आशीर्वादाला तयार. त्या माणसाची किळस तिला चार दिवस येतच होती. आता स्वतःच्या कमरेची आली, आणि ती जास्त खोलवरची होती. दात आवळून तिनं कंबर सरळ केली. सामन्यातल्या कुठल्याही सुराला एवढी ताकद लागली नव्हती.

ती जिन्याकडं गेली. वळणावरून मागं बघितलं, तर रिकाम्या व्हरांड्यात नानासो आपला पाय बुटात घालायला खाली वाकले होते.