चौथी भेट

माझी जीभ मोठी तिखट. घरात सगळे टरकून असतात. आणि नोकरी मिळाली कसली, तर तोंड मिटून बसायची! आईवडिलांचं फाटलं की कोर्ट मूल एकाकडे देतं आणि दुसऱ्याला आमच्या भेट केंद्रात तासभर भेटू देतं. मी कोपऱ्यात बसून दिसेल ते वहीत लिहायचं. मध्ये बोलायचं नाही.

त्या दिवशी एका बापाची चौथी भेट होती. दारूपायी घर मोडलं होतं, पण आता आठ महिने थेंबाला शिवला नव्हता. चार भेटींत पोरगी जवळ गेली नाही, तर पुढच्या भेटी बंद. पोरगी पाच वर्षांची. तीन भेटी झाल्या तरी तिच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता.

मुलाला आपण होऊन हात लावायचा नाही, असा आमचा नियम. बापाने त्याचा इतका धसका घेतला होता, की हात चुकून पुढे जाईल म्हणून घट्ट हाताची घडी घालून बसायचा. "कशी आहेस?" एवढं विचारायचा आणि पुन्हा घडी आवळायचा. ती खाली मान घालून चित्र रंगवायची. 'अरे मेल्या, निदान खडू तरी उचल!' मी मनातल्या मनात ओरडत होते.

चाळीस मिनिटं अशीच गेली. मग पोरगी उठली आणि चक्क माझ्याकडे आली.

"बाई," ती कुजबुजली, "बाबांची शिक्षा कधी संपणार?"

"कसली गं शिक्षा?"

"तुम्ही हाताची घडी घालून बसवलंय ना त्यांना! शाळेत शिक्षा झालेल्याशी कुणी बोललं, की त्याची शिक्षा वाढते. म्हणून मी बोललेच नाही. एकदासुद्धा नाही."

पोर रुसली नव्हती, भ्यालीही नव्हती. एवढीशी ती, बापाला सांभाळत होती. आणि मी शहाणी तीन वेळा सुवाच्य अक्षरात लिहून मोकळी झाले होते, 'मूल प्रतिसाद देत नाही.' लाज वाटली मला, खरंच.

नियम गेला खड्ड्यात. "संपली," मी म्हटलं. "आत्ताच संपली. जा."

"नक्की?"

"अगदी नक्की."

ती गेली, बापाचे हात ओढून सोडवले आणि मांडीवर चढून बसली. मग काय, धबधबाच! पडलेला दात, मावशीची मांजर, शाळेतली भांडणं, सगळं एका दमात. बाप नुसता "हं, हं" करत रडत होता. मुलगी आपण होऊन गेली, असं मी लिहिलं. मी मध्ये बोलले, तेही लिहिलं. उद्या केंद्राच्या मोठ्या बाई माझी हजेरी घेतील तर घेऊ देत.

तास संपला. दारात आई घ्यायला आली, तशी पोरगी वळली. "बाबा, पुढच्या शनिवारी येशील?"

त्याने घाबरून माझ्याकडे पाहिलं.

"अहो, माझ्याकडे काय बघताय?" मी खेकसले. "हो म्हणा तिला!"