हसण्याआधी आडवं

हेल्मेटच्या पट्ट्याचं ते एवढंसं काळं बक्कल, कडक् आवाज झाला की बसलं म्हणायचं, पण बसेल तर शपथ – निंबाआबांची बोटं जाडजूड, जन्मभर शिंदखेड्याच्या शेतात राबलेली, आणि प्लास्टिकच्या त्या दोन चिमुकल्या दातांपुढे सपशेल हरलेली. "मना बोटे जाडा शेतस वं माय, थांब जरा," ते पुटपुटले, आणि नात मोहिनी हनुवटी वर धरून थांबली, वेसण घालून घेणाऱ्या गोऱ्ह्यासारखी... हे त्यांच्या अगदी जिभेवर आलं होतं, पण त्यांनी ओठ घट्ट मिटले. कारण ते ऐकून ही पोरगी हसली असती, आणि हसली असती तर – कडक्. बसलं एकदाचं.

घरात आता दोघंच. मुलगा जितेंद्र बँकेत गेला होता, सून कामिनी शाळेत शिकवायला, जाताना फाटकाशी स्कूटर थांबवून ती म्हणाली होती, "आबा, जेवणानंतर कॅप्सूल. आणि... तुम्हाला माहीत आहे." माहीत होतं. पोरीला हसवायचं नाही. साऱ्या जळगावात असा नियम असलेलं हे एकच घर असेल, आणि त्या घरात राहायला यावं कुणी, तर मी! आमच्या गावात मयताला गेलो तरी लोक मला मागे बसवायचे, पुढे बसलो तर रडणाऱ्या बायांना हसू फुटायचं म्हणून.

मोहिनीला हसू आलं की तिच्या अंगातलं बळच जायचं. आधी गुडघे, मग मान, आणि ओलं लुगडं दोरीवरून घसरावं तशी ती खाली – शुद्धीवर असायची, डोळे उघडे, सगळं कळत असायचं, पण बोट हलवता येत नसे. थोड्या वेळात पुन्हा ठीक. चुलतबहिणीच्या हळदीत कुणीतरी नवरदेवाच्या मामाला पिवळा करून सोडला, सगळा मांडव खदखदला, आणि ही उंबऱ्यावर कोसळली. भुवईला टाके पडले. दुसऱ्या दिवशी हे निळं हेल्मेट आलं आणि घरातलं हसणं गेलं. टीव्हीवर बातम्या तेवढ्या. जेवताना बोलायचं तर पाण्याची पाळी, शाळेची परीक्षा, हवामान... आणि आबा, ज्यांना गप्प बसवायला बायको धुरपदाबाईला पन्नास वर्षं पुरली नव्हती, ते बिचारे ‘हो’, ‘नव्हे’ एवढंच बोलायला शिकले होते.

काय तो आजार! नाव घेताना अजूनही जीभ अडखळते. निदान झालं तेव्हा घरच्यांना डॉक्टरांच्या बोलण्यातला एकच शब्द ओळखीचा वाटला, कोलेस्टेरॉल, आणि झालं – कामिनीने तुपाची बरणी शेजारी देऊन टाकली, आबांनी खिचडीवरचं तूप सोडलं, जितेंद्रने शेंगदाण्याची चटणीसुद्धा बंद केली. पुढल्या खेपेला मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. अहो, हे ताटातलं नाही, त्या म्हणाल्या, पोरीला उपाशी मारता की काय? मग त्यांनी कागदावर एक गोल काढला, ही पेशी. तिच्यात छोटा गोल, ही आतली कोठी. कोलेस्टेरॉल सगळ्यांच्याच पेशीत येतं, लागतंच ते; कोठीत येतं आणि तिथून जिकडे हवं तिकडे जातं. पुढे पाठवण्याचं काम एका प्रथिनाचं, आणि हिच्यात तेच बिघडलेलं. म्हणून माल कोठीत साचतो आणि बाहेर टंचाई. मेंदूच्या पेशींना हे सोसत नाही, त्या हळूहळू मरतात... बाईंनी हे मोहिनीसमोरच सांगितलं, कारण मोहिनीनेच सांगा म्हणून धरणं धरलं होतं. आबांना जामनेरच्या बाजार समितीचं आवार दिसलं, आत गाड्यांवर गाड्या, आणि बाहेर जायचं फाटक बंद.

बाईंनी आणखीही सांगितलं होतं. एक बिघडलेला धागा आईकडून यावा लागतो, एक बापाकडून. दोन्ही जुळले तरच हा आजार. म्हणजे जितेंद्रकडचा धागा त्याला कुणी दिला? धुरपदाबाईने की मी? ती गेली, तिला आता कोण विचारणार... आणि पोरगी हसते ती हुबेहूब माझ्यासारखी, आधी खांदे, मग नाक, आवाज सगळ्यात शेवटी. सगळे कौतुकाने म्हणायचे, आबांचं हसू घेतलंय हिने. माझं हसू घेतलंस ते घेतलंस, बये, त्याच्यासोबत आणखी काय घेतलंस?

मोहिनी जेवायला बसली. तिच्या डोळ्यांना खाली बघणं जमत नाही आता. बुबुळं आडवी फिरतात, खाली उतरत नाहीत. मग ती काय करते, तर ताटच उचलून छातीशी धरते, सगळी मान वाकवते आणि घास घेते. जिना उतरताना टाचेने पायरी चाचपते. शब्द जड झालेत, तर अवघड शब्दाला वळसा घालून सोपा शोधते. हे तिला कुणी शिकवलं नाही. एक दार लागलं की ही दुसरं उघडते, तेही लागलं की तिसरं, आणि आम्ही दांडगी माणसं दारं मोजत रडत बसलोय. सतरा वर्षांची पोर! आबांना तिचा केवढा अभिमान वाटला.

कॅप्सूल घेतली. मग ती आतल्या खोलीत गेली आणि काहीतरी ओढल्याचा आवाज आला. आबा धावले. पलंगावरची गादी मोहिनीने जमिनीवर ओढली होती आणि आता भिंतीला धरून, धापा टाकत, दुसरीही ओढत होती.

"अवं, काय मांडं हाई?"

तिने दोन्ही गाद्या एकमेकींना चिकटवल्या, भिंतीच्या कडेला उश्या लावल्या, आणि मधोमध ती उताणी पडली, हेल्मेटसकट.

"मी आधीच... पडले," ती म्हणाली. शब्द एकेक करून येत होते. "आता कुठे पडणार? सांगा."

"काय सांगू?"

"बोकड."

आबांची ती जुनी बोकडाची गोष्ट, हेल्मेट आल्यापासून बंद पडलेली. इतके महिने आम्ही सगळे – शिकलेला मुलगा, शिकलेली सून, हा सत्तरी उलटलेला शहाणा – हसू कसं थांबवायचं याचाच विचार करत होतो, आणि पडायचं तर आधीच पडून घ्यावं, एवढं साधं, एवढं सरळ, ह्या पोरीने काढलं; आणि तेही त्या डोक्याने, ज्यातलं रोज थोडं थोडं विझतंय. वा गं वा! त्यांना टाळी वाजवावीशी वाटली आणि रडावंसंही.

"तुनी माय मना कान पिळी," ते म्हणाले.

"पिळू दे." मग छताकडे बघत, "आबा... बाई म्हणाल्या ना... पुढे मला गंमत कळणारसुद्धा नाही. आता कळतेय."

हे तिला माहीत होतं. अर्थात माहीत होतं, तिच्यासमोरच तर सांगितलं. आणि तरी आम्ही तिचं हसू जपून ठेवत होतो, पुढच्यासाठी... कुठल्या पुढच्यासाठी? आबा भिंतीला धरून खाली बसले, गुडघे कुरकुरले, मग तेही आडवे झाले, तिच्या शेजारी, आणि तिचा हात हातात घेतला.

"सांगस. सांगस वं."

आणि सांगितलं. मित्र हिलालने दोंडाईच्याच्या बाजारातून बोकड आणला, एसटीत कंडक्टरशी भांडून त्याचं तिकीट काढलं, आणि खिडकीशी बसून त्याने आणि आबांनी डुलकी काढली तेवढ्यात बोकडाने हिलालच्या खिशातली सगळी तिकिटं खाल्ली. पुढच्या थांब्यावर तपासनीस चढला. तिकीट? हिलालने शांतपणे बोकड उचलला आणि साहेबांच्या तोंडासमोर धरला – "शेतस ना साहेब! बठ्ठा तिकिटे याना पोटमा शेतस. काढी ल्या!"

तिचे खांदे हलले, मग नाक. आणि हातातला हात एकदम सैल झाला, भिजल्या कापसासारखा, तोंड अर्धवट उघडं, आवाज नाही, फक्त डोळे – ते डोळे खाली उतरत नव्हते पण हसत होते, पाणी येईपर्यंत हसत होते. आबांनी तो सैल हात धरून ठेवला. किती वेळ... धुरपदे, बघतेस ना गं... मग बोटांत हळूच ताकद आली. त्यांचा अंगठा दाबला गेला.

"माझ्यासारखंच," मोहिनी म्हणाली.

"काय?"

"बोकड. सगळं आत आहे... बाहेर येत नाही."

क्षणभर आबांना कळलंच नाही. कळलं तेव्हा ते हसले, थांबवता न येता, पोट धरून हसले, गादीवर लोळले. ह्या पोरीने स्वतःच्या मरणावर गंमत केली होती, आणि गंमत चांगली होती, माझ्यापेक्षा चांगली होती. मांडवात, मयतात, बाजारात माणसं हसवली, पण ही हिंमत माझ्यात कधी नव्हती. हे तिने माझ्याकडून घेतलेलं नाही. हे तिचं आहे.

"अजून एक," ती म्हणाली.

बाहेर फाटक वाजलं. कामिनीची स्कूटर, स्टँड लागल्याचा आवाज, किल्ल्यांचा आवाज. आता ती दार उघडेल, जमिनीवर गाद्या बघेल, सासरा आणि लेक आडवे पडलेले बघेल.  उठावं, असं आबांना वाटलं, पण मोहिनीने अंगठा सोडला नव्हता, आणि इतक्या महिन्यांनी हिलालची दुसरी गोष्ट, भडगावच्या लग्नातली, आपोआप ओठांवर येऊ लागली होती. कामिनीलाही ती ऐकवावी, असं त्यांना वाटत होतं. दोन गाद्यांवर तिघं कशीबशी मावतील.