ब्याऐंशी

फरशीवाल्याची लेक नऊ वर्षांची. घरात तिला सगळे भिंगरी म्हणत. चौथीत गेली तरी तिला एक ओळ धड वाचता येत नव्हती. अक्षरं जुळवता जुळवता रडकुंडीला यायची. शाळेने बुद्धीची चाचणी घेतली आणि आठवड्याने बापाला बोलावलं.

मुख्याध्यापकांनी कागद पुढे सरकवला. "बुद्ध्यांक ब्याऐंशी. वाचनाच्या खास वर्गाला पंच्याऐंशी लागतात. तेवढी बुद्धी असून वाचता येत नसेल तर ती शिकण्यातली अडचण. त्याखाली मूल मुळातच मंद. सही करा इथे."

"आधी वाचून दाखवा. सगळं."

"तुम्हीच वाचा ना."

"मला येत नाही." चष्मा विसरलो म्हणत जन्मभर त्याने हे झाकून ठेवलं होतं. आज मान ताठच होती. "वाचा."

चाचणी घेणाऱ्या बाई बाजूलाच बसल्या होत्या. त्यांनी कागद ओढून घेतला. "ठोकळ्यांची नक्षी, एकशे अठरा. शब्दांचे अर्थ, चौऱ्याहत्तर. ऐकलेले आकडे सांगणं, सहासष्ट. झटपट लिहिणं, सत्तर. सगळ्यांची सरासरी ब्याऐंशी."

"म्हणजे एक कोपरा वर, तीन खाली, आणि सरासरी काढून तुम्ही म्हणता जमीन सपाट? अशी फरशी मी बसवली तर गिऱ्हाईक मला दारात उभं करणार नाही!"

"नियम आहे," मुख्याध्यापक म्हणाले.

"नियमाला डोळे नसतात. तुम्हाला आहेत ना?"

बाईंचा चेहरा उतरला. "बरोबर बोलतायत ते. एवढी तफावत असली की एकत्र आकडा धरायचा नसतो. मी तसं लिहायला हवं होतं." त्यांनी पेन काढून तिथल्या तिथे लिहिलं.

"वर विचारावं लागेल," मुख्याध्यापक पुटपुटले.

"विचारा. मी बसतो."

तो व्हरांड्यातल्या बाकावर बसला. दुसऱ्या दिवशीही आला, तिसऱ्याही. गुडघ्यांवर सिमेंटचे डाग, मांडीवर हत्यारांची पिशवी. शिपाई वैतागला, मग पाणी आणून देऊ लागला. चौथ्या दिवशी परवानगी आली. अशा मुलांना परीक्षेत मिळणारा जादा वेळ मात्र नाकारला. त्याने तिथेच बाईंना बसवून, तोंडी सांगत, त्यासाठी अर्ज लिहून घेतला.

खास वर्गाच्या दाराशी भिंगरीने त्याचं बोट घट्ट धरलं. "बाबा, मी मंद आहे?"

"कोण म्हणतं?" तो एवढ्या मोठ्याने म्हणाला की मुख्याध्यापकांच्या खोलीचं दार किलकिलं झालं. "नाव सांग त्याचं!"

भिंगरी खुदकन हसली आणि आत गेली.